आठवड्याला तेवीस डॉलर श्याऐंशी सेंट

जेकब लॉरेन्स तेरा वर्षांचा असताना आईबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत राहायला आला. साल होतं 1930. आई एकटीच तीन मुलांना वाढवत होती, दिवसभर परक्यांच्या घरी काम करत होती. शाळा सुटल्यावर मुलगा रस्त्यावर भटकू नये म्हणून तिने त्याला ‘यूटोपिया चिल्ड्रन्स हाउस’ या संस्थेच्या कलावर्गात घातलं. तिथे चार्ल्स ऑल्स्टन नावाचा तरुण चित्रकार मुलांना शिकवायचा. या मुलाचा हात वेगळा आहे, हे त्याने ओळखलं. पण सोळाव्या वर्षी जेकबची शाळा सुटली. महामंदीचे दिवस होते. तो धुलाईच्या दुकानात राबला, छापखान्यात राबला आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत राहिला.

पुढे ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंनी त्याला धरून सरकारी कचेरीत नेलं. सरकारच्या नव्या योजनेत चित्रकारांना दर आठवड्याला पगार मिळत होता. कचेरीतून उत्तर आलं, मुलगा लहान आहे, एकवीस पूर्ण हवेत. जेकबने विषय मनातून काढून टाकला. बाई मात्र विसरल्या नाहीत. 1938 साली तो एकवीस वर्षांचा होताच त्यांनी त्याला पुन्हा तिथेच नेलं आणि त्याचं नाव लावून घेतलं. पगार ठरला आठवड्याला 23 डॉलर 86 सेंट. काम एवढंच, की घरी बसून चित्रं काढायची आणि दर सहा आठवड्यांनी दोन चित्रं जमा करायची.

तीनच वर्षांत या तरुणाची चित्रं देशातल्या दोन मोठ्या कलासंग्रहालयांना हवीहवीशी झाली. पुढे आयुष्यभर लॉरेन्स सांगत राहिला, की बाईंनी तेव्हा तो आग्रह धरला नसता तर आपण चित्रकार झालो नसतो.

कलेच्या क्षेत्रात ज्यांच्या घरातून आजवर कुणी गेलं नाही, अशा माणसांना तिथे पाय रोवायला मदत करणारे उपक्रम आज जगभर चालतात. कुठे सिनेमाचं शिबिर असतं, कुठे छायाचित्रणाचा वर्ग, कुठे नाटकाची कार्यशाळा. यातले काही उपक्रम माणसं घडवतात आणि काही केवळ प्रमाणपत्रं वाटतात. हा फरक कशाने पडतो, ते समजून घ्यायला हार्लेमच्या या कथेइतकं चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. तिचं सगळं मोजमाप आपल्यासमोर आहे. काय दिलं, काय मिळालं, काय टिकलं आणि काय बुडालं, हे जवळजवळ नव्वद वर्षांच्या अंतरावरून स्वच्छ दिसतं.

फी माफ, पण पोटाचं काय?

ऑगस्टा सॅव्हेज यांचा जन्म 1892 चा, फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावातला. चौदा भावंडांतली ही सातवी. गावाच्या आसपास विटांची माती भरपूर होती. लहानपणापासून ती त्या मातीची बदकं आणि माणसं करायची. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मूर्ती घडवणं त्यांना पाप वाटे आणि त्यासाठी ते मुलीला मारत. तिने माती सोडली नाही. 1919 साली जिल्ह्याच्या जत्रेत तिच्या मूर्तींना पंचवीस डॉलरचं बक्षीस मिळालं. 1921 साली ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिच्याजवळ पाच डॉलरही नव्हते.

न्यूयॉर्कमध्ये ‘कूपर युनियन’ ही कलाशिक्षणाची संस्था होती आणि तिथे फी घेत नसत. प्रवेशासाठी मोठी यादी लागलेली असताना तिचं काम पाहून तिला यादी ओलांडून आत घेतलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने तीन वर्षांत संपवला. पण मधेच तिची नोकरी गेली आणि खोलीचं भाडं देणं अशक्य झालं. शिक्षण सोडायची वेळ आली तेव्हा संस्थेने पुढे होऊन तिच्या राहण्याजेवण्याचा खर्च उचलला. त्या एका निर्णयामुळे ती शिकू शकली.

1923 साली फ्रान्समधल्या फोंतेनब्लो इथल्या उन्हाळी कलाशाळेसाठी अमेरिकेतून शंभर मुली निवडल्या जाणार होत्या. सॅव्हेज यांचा अर्ज नाकारला गेला. अलाबामातून निवडल्या गेलेल्या गोऱ्या मुलींना एका काळ्या मुलीबरोबर प्रवास करणं रुचणार नाही, हे त्याचं कारण. ती गप्प बसली नाही. वर्तमानपत्रांत प्रकरण गाजलं, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस तिच्या बाजूने उभे राहिले. निर्णय बदलला नाही. निवड समितीतल्या हर्मन मॅकनील या एका शिल्पकाराने मात्र तिला आपल्या स्टुडिओत शिकायला बोलावलं.

दोन वर्षांनी रोमच्या कला अकादमीत शिकण्याची संधी चालून आली. शिष्यवृत्तीत शिकवणीचा खर्च होता. बोटीचं भाडं आणि परक्या शहरातला राहण्याचा खर्च मात्र स्वतः उभा करायचा होता. ती तर धुलाईच्या कारखान्यात काम करून घरच्यांना पोसत होती. पैसे जमले नाहीत. रोम राहिलं.

1929 साली तिने आपल्या भाच्याचा अर्धपुतळा केला. तिरपी टोपी घातलेला, जगाकडे बेदरकारपणे पाहणारा रस्त्यावरचा पोरगा. ‘गॅमिन’ हे ते शिल्प. त्याच्या जोरावर तिला ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली. या फेलोशिपमध्ये राहण्याखाण्याचाही खर्च होता, आणि म्हणून ती पॅरिसला जाऊ शकली.

या तीन प्रसंगांत सगळा धडा आहे. गुण प्रत्येक वेळी तेवढेच होते. कूपर युनियनने पोटाची सोय केली, ती शिकली. रोमने केली नाही, ती राहून गेली. रोझेनवाल्ड फंडाने पुन्हा केली, ती पॅरिसला पोहोचली. गरीब घरातला मुलगा किंवा मुलगी कला सोडते तेव्हा तिला गोडी नव्हती, चिकाटी नव्हती, असं आपण सहज म्हणतो. बहुतेक वेळा त्या महिन्याचं भाडं थकलेलं असतं.

143 व्या रस्त्यावरचं तळघर

पॅरिसहून 1931 साली सॅव्हेज परतल्या तेव्हा अमेरिका मंदीच्या खाईत होती. हार्लेमला तर तिचा फटका शहरातल्या इतर भागांपेक्षा कितीतरी जास्त बसला होता. कुणी शिल्पं विकत घेईल अशी परिस्थिती नव्हती. 1932 साली त्यांनी पश्चिम 143 व्या रस्त्यावर एका तळघरात ‘सॅव्हेज स्टुडिओ ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ सुरू केला. ज्याला शिकावंसं वाटेल त्याने यावं, पैशांचं नंतर बघू, अशी ही शाळा होती.

तिथे कोण यायचं? नॉर्मन लुईस शिंप्याच्या दुकानात कपड्यांना इस्त्री करायचा आणि कामावरून येता-जाता या स्टुडिओकडे ओढला गेला. पुढे तो अमेरिकेतल्या अमूर्त चित्रकलेतला एक महत्त्वाचा चित्रकार झाला. ग्वेंडोलिन नाइट ही बार्बाडोसमध्ये जन्मलेली मुलगी. मंदीमुळे तिचं विद्यापीठातलं शिक्षण अर्धवट सुटलं होतं. अर्नेस्ट क्रिक्लो, शिल्पकार विल्यम आर्टिस, आणि मॉर्गन व मार्विन स्मिथ हे जुळे भाऊ, ज्यांनी पुढे छायाचित्रांतून हार्लेमचं जगणं टिपून ठेवलं, अशी ही मंडळी होती.

तिथून जवळच पश्चिम 141 व्या रस्त्यावर 306 क्रमांकाची एक इमारत होती. पूर्वी तिथे तबेला होता. चार्ल्स ऑल्स्टन आणि हेन्री बॅनर्न या दोघांनी तिथे स्टुडिओ थाटला. दिवसा वर्ग चालत, संध्याकाळी कवी, कादंबरीकार, नट आणि संगीतकार जमत. जेकब लॉरेन्ससारखी पोरं कोपऱ्यात बसून काम करायची आणि मोठ्यांचं बोलणं ऐकायची. चित्राची किंमत कशी ठरते, गॅलरीवाल्याशी कसं बोलायचं, कोणत्या शिष्यवृत्तीला अर्ज कधी करायचा, या गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. चित्रकाराच्या घरात जन्मलेल्या मुलाला त्या जेवणाच्या ताटावर कळतात. 306 ने त्या या मुलांच्या कानावर घातल्या.

पगाराची योजना आणि तिच्यातली मेख

1935 साली राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना काम देणारा मोठा विभाग उभा केला. रस्ते, पूल, शाळा बांधायला माणसं घेतली. त्यातच एक भाग कलावंतांसाठी होता, ‘फेडरल आर्ट प्रोजेक्ट’. हॉल्गर केहिल हे त्याचे प्रमुख. गवंड्याला भिंत बांधायचे पैसे मिळतात तसे चित्रकाराला भिंत रंगवायचे मिळावेत, असा त्यामागचा साधा विचार. 1943 पर्यंत चाललेल्या या योजनेतून सुमारे दहा हजार कलावंतांना पगार मिळाला. जॅक्सन पोलॉक आणि मार्क रॉथ्को हे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रकारही तेव्हा याच पगारावर जगत होते. लेखकांसाठी आणि रंगभूमीसाठी वेगळ्या योजना होत्या. राल्फ एलिसन, रिचर्ड राइट, झोरा नील हर्स्टन यांनी लेखकांच्या योजनेत काम केलं. 1936 साली हार्लेमच्या लाफायेट थिएटरात सगळा कृष्णवर्णीय नटसंच घेऊन ‘मॅकबेथ’ उभं राहिलं, त्याचे पैसेही याच तिजोरीतून आले.

पण योजना कागदावर सर्वांसाठी असली तरी दारात अडथळे होते. चित्रकार म्हणून नाव लावायचं तर आधी चित्रकार म्हणून ओळख दाखवावी लागे. प्रदर्शनं, विकलेली कामं, नावाजलेल्या संस्थेतलं शिक्षण. कृष्णवर्णीयांना गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या, तर ही ओळख आणणार कुठून? शिवाय घेतलंच तर खालच्या जागांवर. देखरेखीचं काम गोऱ्यांकडे.

ही मेख एकेकट्याने निघणारी नव्हती. 1935 साली हार्लेमच्या कलावंतांनी ‘हार्लेम आर्टिस्ट्स गिल्ड’ स्थापन केली. पहिले अध्यक्ष चित्रकार ॲरन डग्लस, त्यांच्यानंतर ऑगस्टा सॅव्हेज. गिल्डने अधिकाऱ्यांना भेटून, पत्रकं काढून, निदर्शनं करून मागण्या लावून धरल्या. अधिक नेमणुका हव्यात, देखरेखीच्या जागा हव्यात आणि हार्लेममध्येच कलाकेंद्र हवं. ऑल्स्टन न्यूयॉर्कमध्ये भित्तिचित्रांच्या कामावरचे पहिले कृष्णवर्णीय पर्यवेक्षक झाले.

1936 साली हार्लेम हॉस्पिटलच्या भिंतींसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडे केले. रुग्णालयाच्या प्रमुखांनी त्यातले काही परत पाठवले. चित्रांत कृष्णवर्णीयांचा विषय फार झाला, अशी तक्रार. हे रुग्णालय हार्लेममध्ये, रुग्ण हार्लेमचे, आणि भिंतीवर मात्र हार्लेम नको. गिल्ड आणि इतर कलावंत संघटनांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, आणि चित्रं भिंतीवर गेली. ती आजही त्या रुग्णालयात आहेत.

तेव्हा कलाशिक्षणाच्या बरोबरीने संघटनेचं बळही लागलं. दार उघडण्यासाठी एका गुणी माणसाचं काम पुरतं. ते उघडं ठेवण्यासाठी पाठीमागे माणसं जमावी लागतात.

लेनॉक्स अव्हेन्यूवरचं केंद्र

गिल्डच्या रेट्याला 1937 च्या अखेरीस फळ आलं. लेनॉक्स अव्हेन्यू आणि 125 वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर ‘हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर’ सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आल्या. संचालक होत्या ऑगस्टा सॅव्हेज.

इथे रेखाटन, रंगकाम, शिल्प, शिळाछाप, कोरीव छपाई, छायाचित्रण, विणकाम, मातीकाम असे वर्ग होते. दुपारी शाळा सुटलेली मुलं, संध्याकाळी कामावरून आलेली मोठी माणसं. कागद, रंग, माती केंद्राची. पहिल्या सोळा महिन्यांत इथल्या वर्गांना, व्याख्यानांना आणि प्रदर्शनांना मिळून सत्तर हजारांहून अधिक उपस्थिती नोंदली गेली. देशभरात अशी शंभरहून अधिक केंद्रं निघाली. हार्लेमचं केंद्र त्यांत आदर्श मानलं गेलं.

या आकड्यापेक्षा एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. इथे शिकवणारे तरुण कलावंत त्याच वस्तीतले होते आणि शिकवण्याबद्दल त्यांना पगार मिळत होता. इस्त्री करणारा नॉर्मन लुईस आता शिक्षक होता. कालच्या विद्यार्थ्याला आज शिकवण्याचं काम मिळालं की दोन घरं एकाच वेळी उभी राहतात. शिक्षकाची चूल पेटते, आणि समोर बसलेल्या मुलाला दिसतं, की आपल्या गल्लीतला माणूस या कामावर जगतो आहे. बाहेरून आलेल्या मोठ्या नावाच्या पाहुण्याकडून हे मिळत नाही.

साठ चित्रांची मालिका

आता पुन्हा जेकब लॉरेन्सकडे वळू. आठवड्याच्या पगाराने त्याला वेळ दिला. त्या वेळात तो 135 व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसायचा. आर्तुरो शोम्बर्ग या संग्राहकाने जमवलेली आफ्रिकन वंशाच्या लोकांविषयीची पुस्तकं आणि कागदपत्रं तिथे होती. शाळेने जो इतिहास शिकवला नाही तो त्याने तिथे वाचला. हैतीच्या गुलामांच्या उठावाचा नेता तूसँ लूव्हेर्त्यूर याच्यावर त्याने 1938 साली 41 चित्रांची मालिका पूर्ण केली.

सरकारी पगार कायमचा नव्हता. 1939 साली कायदा झाला, की सलग अठरा महिने काम केलेल्याला कमी करायचं. लॉरेन्सही बाहेर पडला. पण तोवर त्याच्याजवळ दाखवायला काम होतं. 1940 साली त्याला रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्याने 125 व्या रस्त्यावर महिना आठ डॉलर भाड्याने एक खोली घेतली. तिथे ना ऊब होती, ना नळ. पण मोठ्या पाट्या मांडायला जागा होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून लाखो कृष्णवर्णीय दक्षिणेतली शेती आणि छळ मागे टाकून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले होते. त्याचे स्वतःचे आईवडील त्याच लोंढ्यातले. त्या स्थलांतरावर त्याने साठ चित्रं केली. ग्वेंडोलिन नाइटने पाट्यांना पांढरं अस्तर द्यायला आणि चित्रांखालचा मजकूर बसवायला मदत केली. त्याने साठही पाट्या एकदम मांडल्या. एक रंग घेतला की तो सगळ्या पाट्यांवर जिथे लागेल तिथे लावायचा, मग दुसरा रंग. त्यामुळे पहिल्या चित्रातला पिवळा आणि साठाव्या चित्रातला पिवळा एकच राहिला, आणि सगळी मालिका एका सुरात बोलू लागली. काम संपलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

1941 च्या नोव्हेंबरात ‘फॉर्च्यून’ या मासिकाने यातली 26 चित्रं छापली आणि न्यूयॉर्कच्या डाउनटाउन गॅलरीत मालिका लागली. पुढच्या वर्षी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने सम क्रमांकाची तीस चित्रं घेतली आणि वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहाने विषम क्रमांकाची तीस. लॉरेन्स आणि नाइट यांनी 1941 मध्येच लग्न केलं होतं.

मागे वळून या वाटेवरचे टप्पे पाहा. आईने शोधलेला मोफत वर्ग, गुण ओळखणारा शिक्षक, मोठ्यांची सोबत, आठवड्याचा पगार, मोफत ग्रंथालय, फेलोशिप, गॅलरी, संग्रहालय. यातला एक दुवा निखळला असता तर पुढचे सगळे निरुपयोगी ठरले असते. प्रतिभा त्याची होती, वाट मात्र अनेकांनी मिळून बांधली होती.

जे बुडालं, जे टिकलं

ज्या बाईंनी हे घडवलं त्यांच्या वाट्याला काय आलं, हेही सांगायला हवं. 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी सॅव्हेज यांना शिल्पाचं काम मिळालं. जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या गीतावरून त्यांनी सोळा फूट उंचीची वीणा केली. गाणाऱ्या मुलामुलींची रांग म्हणजे तिच्या तारा. लाखो लोकांनी ती पाहिली. शिल्प प्लास्टरचं होतं. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते, ठेवायला जागा नव्हती. प्रदर्शन संपलं तेव्हा ते फोडून टाकण्यात आलं.

या कामासाठी त्या केंद्रातून रजेवर गेल्या होत्या. परतल्या तेव्हा संचालकपद दुसऱ्याकडे गेलं होतं. 1939 साली त्यांनी स्वतःची गॅलरी काढली. पाहायला गर्दी झाली, विक्री झाली नाही, आणि ती थोड्याच काळात बंद पडली. पुढे त्या सॉगर्टीज या लहान गावी राहायला गेल्या आणि 1962 साली वारल्या. आपल्या विद्यार्थ्यांच्या हातून चांगलं काम झालं तर तेच आपलं स्मारक, असं त्या म्हणत. ते स्मारक उभं राहिलं. पण इतरांसाठी वाट करणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कामासाठी वेळ, पैसा आणि सुरक्षितता द्यायची असते, हे त्यांच्या काळाला जमलं नाही आणि आजही फार कमी संस्थांना जमतं.

हार्लेमचं केंद्र संपूर्णपणे सरकारी पैशावर आणि भाड्याच्या जागेत उभं होतं. युद्ध आलं, राजकीय हवा बदलली, तिथल्या लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप झाले, निधी आटला. 1943 पर्यंत सगळा प्रकल्प गुंडाळला गेला आणि केंद्रही गेलं.

शिकागोत वेगळं घडलं. शहराच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीला असंच केंद्र हवं होतं. शिक्षकांचे पगार सरकार देणार, पण जागा लोकांनी आणावी, अशी अट. लोकांनी नृत्याचे मोठे कार्यक्रम करून निधी जमवला. मार्गारेट बरोज ही तेव्हा विशीतली तरुणी रस्त्यावर उभी राहून दहा-दहा सेंटची नाणी गोळा करत होती. त्या पैशातून साउथ मिशिगन अव्हेन्यूवरचं एक जुनं घर विकत घेतलं गेलं. 1941 साली एलेनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं रीतसर उद्घाटन झालं. दोन वर्षांत सरकारी पगार थांबले. घर मात्र वस्तीचंच होतं. साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर आजही त्याच घरात चालतं.

या घराच्या तळघरात गॉर्डन पार्क्स या तरुणाला फोटो धुवायला अंधारखोली मिळाली. तिथल्या कामावर त्याला रोझेनवाल्ड फेलोशिप मिळाली आणि पुढे तो ‘लाइफ’ मासिकाचा पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार आणि नंतर चित्रपट दिग्दर्शक झाला. याच घरातल्या कवितेच्या वर्गाला ग्वेंडोलिन ब्रुक्स यायची. 1950 साली पुलित्झर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय ठरली.

हार्लेमची साखळीही पूर्ण तुटली नाही. 1969 साली नॉर्मन लुईस, अर्नेस्ट क्रिक्लो आणि रोमेर बेअर्डन यांनी नवोदितांसाठी ‘सिंके गॅलरी’ सुरू केली. तिघांतले दोघे सॅव्हेज यांचे विद्यार्थी. त्याच्या आदल्या वर्षी ‘स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम’ उघडलं. तिथे दरवर्षी काही तरुण कलावंतांना काम करायला जागा आणि मानधन मिळतं. केरी जेम्स मार्शल तिथे होते. बराक ओबामांचं अधिकृत चित्र रंगवणारे केहिंदे वायलीही तिथलेच.

हार्लेम आणि नागसेनवन

हार्लेम मराठी माणसाला अगदीच परकं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते हार्लेमच्या कडेलाच आहे. पुढे त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय काढलं. त्याचा परिसर म्हणजे नागसेनवन. खेड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेज पाहणारी मुलं तिथल्या वसतिगृहात राहून शिकली. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तिथल्या तरुणांना कृष्णवर्णीय लेखकांचं साहित्य वाचायला सांगितलं. पुढे डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याची सविस्तर ओळख मराठीला करून दिली.

1967 साली ‘अस्मिता’ निघालं आणि लगेच त्याचं ‘अस्मितादर्श’ झालं. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी हे त्रैमासिक दशकानुदशकं चालवलं. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा मिळत नव्हती अशा कितीतरी लेखकांची पहिली कविता, पहिली कथा इथे छापली गेली. ‘अस्मितादर्श’चे लेखक-वाचक मेळावे गावोगावी भरत. नवा लेखक तिथे आपलं लेखन वाचायचा, वडीलधारे लेखक ते ऐकून कान धरायचे आणि पाठही थोपटायचे. 141 व्या रस्त्यावरच्या तबेल्यात जे घडलं तेच या मेळाव्यांत घडलं.

एक फरक मात्र मोठा आहे. इथे छापायला पान मिळालं, ऐकायला माणसं मिळाली, लेखनावर पोट भरण्याची सोय कधी झाली नाही. दया पवार रेल्वेत नोकरी करत होते. नामदेव ढसाळांनी मुंबईत टॅक्सी चालवली. दलित साहित्याने मराठीचा चेहरा बदलला, तो बहुतेक वेळा नोकरी सांभाळून, रात्री जागून. या लेखकांना दोन वर्षांचा पगार आणि एक खोली मिळाली असती तर आणखी किती लिहून झालं असतं, हा प्रश्न आपण मराठी समाज म्हणून स्वतःला विचारायला हवा.

उपक्रम पारखायचा कसा?

आज छोट्या शहरांतही सिनेमा, ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन, छायाचित्रण यांचे वर्ग निघत आहेत. वंचित घरांतल्या मुलांसाठी म्हणून काही निधीही येतो. हे चांगलंच आहे. पण हार्लेम आणि शिकागोचा अनुभव हाताशी ठेवून अशा कोणत्याही उपक्रमाला चार गोष्टी जरूर विचाराव्यात.

शिकणाऱ्याच्या प्रवासाचा, जेवणाचा, बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देतं? फी माफ करून थांबणारा उपक्रम रोमच्या शिष्यवृत्तीसारखा आहे. शिकून झाल्यावर पहिलं पैसे मिळणारं काम कुठून येतं, आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? शिकवणाऱ्यांत त्याच वस्तीतली, तिथेच घडलेली माणसं किती आहेत, आणि त्यांना पगार मिळतो का? आणि शेवटचं, निधी देणाऱ्याने उद्या हात काढला तर जागा कुणाच्या मालकीची राहील?

या चारही प्रश्नांना उत्तर देऊ शकणारे उपक्रम थोडे असतील. तुमच्या गावात असा एखादा चालत असेल तर त्याच्या वार्षिक समारंभाला टाळ्या वाजवून थांबू नका. त्याच्या भाड्याला हातभार लावा, एखाद्या विद्यार्थ्याचं वर्षभराचं मानधन उचला, किंवा तुमच्या कार्यालयाचं, लग्नाचं, दुकानाच्या पाटीचं काम त्या मुलांना द्या आणि त्याचे पुरेसे पैसे द्या. प्रतिभा प्रत्येक वस्तीत आहे. तिला पहिला पगार मिळवून देणं आपल्या हातात आहे.